बदलत्या पावसात बालाघाटचे तलाव

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, महाराष्ट्रातील गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांना लागून बालाघाट जिल्हा आहे. शेजारच्या सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा बालाघाटातून वाहत पुढे विदर्भात उतरते. नदीच्या दोन्ही काठांवर धानाची शेती आहे आणि पावसाच्या उघडिपीत त्या शेतीला पाणी पुरवणारे तलाव गावोगाव आहेत. वारासिवनी, कटंगी, लालबर्रा, लांजी या सखल पट्ट्यात तलाव हा गावरचनेचाच भाग मानला जातो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बांधलेल्या या तलावांपुढे आज एक नवा प्रश्न उभा आहे. ज्या पावसाच्या हिशेबाने ते बांधले गेले, तो पाऊस आता तसा पडत नाही.

हवामानबदलाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ जगभर तलावांकडे बारकाईने पाहतात. डोंगरावर, शेतात, रानात जे काही घडते त्याचा परिणाम पाण्याबरोबर वाहत शेवटी तलावात येतो. जगातील २३५ तलावांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९८५ ते २००९ या काळात उन्हाळ्यातील पृष्ठजलाचे तापमान दर दशकाला सरासरी ०.३४ अंश सेल्सियसने वाढल्याचे आढळले. १,९७२ मोठ्या तलावांचा आणि जलाशयांचा उपग्रहांद्वारे केलेला दुसरा अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात १९९२ ते २०२० या काळात निम्म्याहून अधिक तलावांतील जलसाठा घटल्याचे दिसले. हे मोठे आकडे एखाद्या खेड्यातील तलावात कसे उतरतात, हे समजून घेण्यासाठी बालाघाट हे चांगले उदाहरण आहे. एकूण पाऊस किती झाला यापेक्षा तो कसा पडला आणि भोवतालच्या जमिनीने त्यातला किती धरून ठेवला, यावर तलावाचे भवितव्य ठरते. ही गोष्ट वैनगंगेच्या खोऱ्यात जितकी खरी आहे, तितकीच उत्तर ध्रुवाजवळही खरी आहे.

दोन पातळ्यांवरचा जिल्हा

बालाघाट जिल्ह्याची निर्मिती ब्रिटिश राजवटीत १८६७ ते १८७३ या काळात भंडारा, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांचे भाग एकत्र करून झाली. जिल्ह्याचे दोन ठळक भाग पडतात. बैहरकडचा उंच, जंगलाने झाकलेला पठारी प्रदेश हा एक भाग आणि वैनगंगेचे सखल खोरे हा दुसरा. पठारावरच्या बंजर आणि हालोन या नद्या उत्तरेकडे नर्मदेला मिळतात, तर खोऱ्यातले पाणी वैनगंगेतून गोदावरीकडे जाते. जिल्ह्याचे निम्म्याहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे आणि कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग याच जिल्ह्यात येतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तरीही बोली, सोयरीक, धानाची शेती आणि तलाव यांबाबतीत सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा मुलूख एकच आहे.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बालाघाटात तो साधारण तेराशे ते पंधराशे मिलिमीटर असतो. भातासाठी हा पाऊस पुरेसा वाटला, तरी जवळजवळ सगळा चार महिन्यांत येतो आणि त्या चार महिन्यांतही मध्येच पंधरा-वीस दिवस उघडीप पडू शकते. रोवणी झालेल्या धानाला ती उघडीप सोसत नाही. तलाव बांधण्यामागची मूळ गरज हीच होती.

तलावाची रचना

सखल पट्ट्यातील बहुतेक तलाव मानवनिर्मित आहेत. दोन उंचवट्यांमधली उताराची जागा निवडून मातीची पाळ घातली जाई. पाळीच्या वरच्या बाजूला पाणलोट, म्हणजे पावसाचे पाणी गोळा करणारे रान. खालच्या बाजूला धानाच्या बांध्या. पाळीच्या एका टोकाला जादा पाणी निघून जाण्यासाठी सांडवा आणि पाळीतच शेताकडे पाणी सोडण्याचे तोंड अशी ही साधी, पण नेमकी योजना असे. अनेक ठिकाणी वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात जाते. अशा साखळीमुळे एका पावसाचे पाणी दोन-तीन ठिकाणी थांबते. लहान तलावाला या भागात बोडी म्हणतात.

तलाव बांधण्याचे कसब वैनगंगेच्या खोऱ्यातील शेतकरी समाजांकडे होते. बालाघाटकडे पोवार, तर भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाज या कामासाठी विशेष ओळखला जातो. जमिनीची पारख हा त्या कसबाचा पाया होता. कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशी मातीची स्थानिक नावे आजही शेतकऱ्यांच्या बोलण्यात आहेत. चिकण कन्हार पाणी धरून ठेवते, रेताड सिहार ते सोडते, बरडी उथळ आणि मुरमाड असते. पाळ कोठे घालायची, सांडवा किती रुंद ठेवायचा, खाली किती बांध्या भिजतील याचा अंदाज मातीच्या आणि पावसाच्या दीर्घ परिचयातून येई. त्या अंदाजात एक गृहीत होते: सर्वांत मोठा पाऊस साधारण किती असतो, हे गावाला ठाऊक आहे.

पाऊस कसा बदलला

या गृहीताला धक्का देणारे दोन महत्त्वाचे अभ्यास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतून आले. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या पन्नास वर्षांतील मध्य भारताच्या दैनंदिन पावसाच्या नोंदी तपासल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार मोसमातील एकूण सरासरी पावसात लक्षणीय बदल झाला नव्हता. मात्र अतिजोरदार पावसाच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पावसाच्या घटना घटल्या होत्या. सरासरीच्या आकड्याआड हा बदल झाकला गेला होता.

त्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे त्यात दिसले. या पावसाला लागणारे बाष्प मुख्यतः अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या लाटांतून येते, असेही त्यात दाखवले होते. गोव्याच्या किनाऱ्यासमोरचा समुद्र आणि हजार किलोमीटरपर्यंत आत असलेले धानाचे शेत यांचा संबंध असा थेट आहे.

यामागचे भौतिक कारण सोपे आहे. हवेचे तापमान एक अंशाने वाढले, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. उष्ण हवा जमिनीतले आणि तलावातले पाणी अधिक ओढून घेते, ते अधिक काळ धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. म्हणूनच एकाच मोसमात लांबलेली उघडीप आणि एका रात्रीचा महापूर या दोन्ही गोष्टी घडू शकतात. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवर धरणातून मोठा विसर्ग करावा लागला आणि बालाघाटपासून भंडाऱ्यापर्यंतचा नदीकाठ पाण्याखाली गेला. एकट्या पुरावरून हवामानबदल सिद्ध होत नाही. परंतु मध्य भारतात ज्या प्रकारच्या घटना वाढत असल्याचे दीर्घ नोंदी सांगतात, त्याच प्रकारची ही घटना होती.

तलावात काय घडते

पाऊस असा बदलला, की पहिला ताण पाळीवर आणि सांडव्यावर येतो. एक चौरस किलोमीटर पाणलोटावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर ते दहा कोटी लिटर पाणी होते. हे पाणी आठ-दहा दिवसांत आले तर त्यातले बरेच जमिनीत मुरते आणि उरलेले तलावात सावकाश जमते. तेच चार तासांत आले तर मुरायला अवधी मिळत नाही. तलाव काही तासांत तुडुंब होतो, सांडवा अपुरा पडतो आणि पाणी पाळीवरून उलटू लागते. मातीच्या पाळीला यासारखा धोका नाही. साखळीतला वरचा तलाव फुटला, तर त्याचे सगळे पाणी खालच्या तलावावर जाऊन आदळते. सांडव्यातून वाहून गेलेले पाणी मोसमाच्या बेरजेत धरले जाते, पण शेताच्या उपयोगाला येत नाही. एकूण पाऊस सरासरीइतका होऊनही दिवाळीपूर्वीच तलावाचा तळ उघडा पडतो, याचा उलगडा येथे होतो.

दुसरा परिणाम गाळाचा. जोराचा पाऊस माती अधिक उकरतो. सावकाश पडणाऱ्या पावसापेक्षा थोड्या वेळात कोसळलेला तेवढाच पाऊस कितीतरी अधिक माती वाहून आणतो. दहा हेक्टरांच्या तलावात सर्वत्र दहा सेंटिमीटर गाळ साचला, तर एक कोटी लिटर पाण्याची जागा गेली असा हिशेब आहे. गाळ भरला की तलाव उथळ होतो आणि उथळ तलाव लवकर तापतो.

तिसरा परिणाम बाष्पीभवनाचा. हे तलाव मुळातच पसरट आणि कमी खोल आहेत. उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून रोज आठ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तरी मार्च ते मे या तीन महिन्यांत पातळी सत्तर सेंटिमीटरहून अधिक उतरते. तीन मीटर खोल तलावाला हे सोसते. गाळाने दीड मीटरवर आलेल्या तलावाला सोसत नाही. गुरांचे पाणी, विहिरींची पातळी आणि पुढच्या मोसमाच्या आरंभी पऱ्ह्यांना द्यावयाचे पाणी या तिन्ही गोष्टी त्या सत्तर सेंटिमीटरांवर अवलंबून असतात.

चौथा परिणाम पाण्याच्या आतला आहे. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. वीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. मातीबरोबर वाहून आलेल्या खतांनी शेवाळ आणि जलपर्णी वाढते, ती कुजताना उरलेला प्राणवायूही खर्ची पडतो. मरळ, शिंगी, मांगूर असे हवेतून श्वास घेऊ शकणारे मासे अशा पाण्यात तग धरतात. इतर माशांना ते कठीण जाते. तलावावर जगणाऱ्या ढीवर समाजाला हा बदल कोणत्याही आलेखाआधी जाळ्यात दिसतो. याच तलावांत शिंगाड्याचे पीक घेतले जाते आणि त्यालाही हंगामभर टिकणारे पाणी लागते.

पाचवा परिणाम पक्ष्यांवर. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत उंच पक्षी. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया आणि लगतच्या भागात उरला आहे, आणि वाघ व वैनगंगा नद्यांच्या पलीकडे बालाघाटात त्याच पक्ष्यांचा वावर आहे. त्यांची एकूण संख्या काही डझनांत मोजावी अशी आहे. सारसाची जोडी पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ काठावर गवताचा उंचवटा करून बहुधा दोन अंडी घालते. ती उबण्यास महिनाभर लागतो. त्या महिन्यात पाणी एकाएकी चढले तर घरटे बुडते. पाणी हटले तर कुत्र्या-कोल्ह्यांना वाट मोकळी होते. पाण्याची स्थिर पातळी ही सारसाची गरज आहे आणि नव्या पावसात तीच दुर्मिळ होत आहे.

या सगळ्यांचा शेवट धानापाशी होतो. बालाघाटच्या चिन्नोर या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिन्नोर उशिरा तयार होणारे वाण आहे. मोसमी पाऊस माघारी गेल्यानंतर त्याच्या लोंब्यांत दाणा भरतो. त्या आठवड्यांत तलावाच्या तोंडातून मिळणारे शेवटचे पाणी पिकाचे भवितव्य ठरवते. ते पाणी हमखास मिळेनासे झाले, तर शेतकरी लवकर येणाऱ्या संकरित वाणांकडे वळेल आणि मानांकन मिळालेले वाण कागदावर उरेल.

ध्रुवाजवळचे तलाव

तलाव आणि भोवतालची जमीन यांचा हाच संबंध सर्वाधिक वेगाने बदलत आहे तो उत्तर ध्रुवाच्या प्रदेशात. फिनलंडच्या हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवल्याप्रमाणे १९७९ ते २०२१ या काळात आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला. सायबेरिया, अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंड येथे लाखो लहान-मोठे तलाव आहेत. त्यांच्या खालची जमीन वर्षानुवर्षे गोठलेली असते. बालाघाटात जे काम चिकण माती करते, ते तेथे बर्फ करतो. त्याच्यामुळे पाणी खाली मुरत नाही.

ही गोठलेली जमीन वितळू लागली, की तलाव दोन टप्प्यांत बदलतो. आधी काठ ढासळतात, बर्फाचे पाणी मिळते आणि तलाव पसरतो. वितळणे खोलवर गेले की तळाला वाट फुटते आणि तलाव रिकामा होतो. सायबेरियातील चाळीस हेक्टरांहून मोठ्या दहा हजारांवर तलावांची उपग्रहचित्रे १९७३ आणि १९९७-९८ या दोन काळांत ताडून पाहण्यात आली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशा मोठ्या तलावांची संख्या सुमारे ११ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्यांपैकी १२५ तलाव पूर्णपणे नाहीसे झाले होते. जेथे जमीन सलग गोठलेली होती तेथे मात्र तलाव वाढले होते. एकाच तापमानवाढीला दोन प्रकारच्या जमिनींनी दिलेली ही दोन उत्तरे होती.

पश्चिम ग्रीनलंडमधील घटना अधिक बोलकी आहे. २०२२ च्या शरद ऋतूत तेथे बाष्पाने भरलेल्या वाऱ्यांचे प्रवाह लागोपाठ पोहोचले. एरवी त्या काळात बर्फ पडते. त्या वर्षी विक्रमी उष्णता आणि पाऊस आला. पावसाने गोठलेली जमीन वितळवली आणि तिच्यातील सेंद्रिय कार्बन व लोह तलावांत उतरले. पुढच्या उन्हाळ्यात शास्त्रज्ञ पोहोचले तेव्हा निळे, पारदर्शक तलाव तपकिरी झाले होते. अमेरिकेतील मेन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार असे साडेसात हजारांहून अधिक तलाव वर्षभराच्या आत बदलले. गढूळ पाण्यात प्रकाश खोल जाईना, म्हणून कार्बन शोषून घेणारे सूक्ष्म जीव घटले आणि उन्हाळ्यात कार्बन डायऑक्साइड शोषणारे तलाव तो हवेत सोडू लागले. एरवी अशा बदलाला शतके लागतात.

या तपकिरी रंगाचे महत्त्व मोठे आहे. ध्रुवीय प्रदेशातील गोठलेल्या जमिनीत सुमारे दीड हजार अब्ज टन कार्बन साठलेला आहे. तो वातावरणातील कार्बनच्या जवळजवळ दुप्पट आहे. त्यातला थोडा भाग जरी तलावांवाटे बाहेर पडला, तरी तापमानवाढीला नवे बळ मिळते.

वास्कोतून दिसणारा धागा

ध्रुव आणि धानाचे खोरे यांना जोडणारे संशोधन गोव्यातच झाले आहे. वास्को येथील हेडलँड सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्री संशोधन केंद्र आहे. भारताची आर्क्टिकमधील संशोधन मोहीम २००७ मध्ये सुरू झाली आणि १ जुलै २००८ रोजी नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील न्यू-ऑलेसुंद येथे ‘हिमाद्री’ हे कायम केंद्र सुरू झाले. उत्तर ध्रुवापासून ते सुमारे बाराशे किलोमीटरवर आहे. तेथील हिमनद्या, समुद्र, हवा आणि सूक्ष्मजीव यांच्या अभ्यासाचे नियोजन वास्कोतून होते.

या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये आर्क्टिकमधील कारा समुद्रावरील बर्फ आणि भारतातील मोसमाच्या अखेरचा पाऊस यांच्यातील संभाव्य संबंध मांडला. उन्हाळ्यात कारा समुद्रावरचे बर्फ कमी असले, की युरोपच्या पश्चिम भागावर हवेचा दाब वाढतो, वरच्या थरातील वाऱ्यांच्या लाटांची घडी बदलते आणि त्याचा परिणाम भारतापर्यंत येतो. त्याच वेळी अरबी समुद्र तापलेला असला, तर बाष्पाचा पुरवठा वाढतो आणि सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता बळावते. सप्टेंबर हा तलाव आधीच भरलेले असण्याचा महिना आहे. त्या वेळी आलेला मोठा पाऊस साठवायला जागा नसते. तो पाळीची परीक्षा तेवढी घेतो.

सगळा दोष हवामानाचा नाही

तलावांच्या दुर्दशेचे खापर एकट्या पावसावर फोडणे मात्र चुकीचे ठरेल. मध्य प्रांतात गावाचा सारा वसूल करणारा मालगुजार असे आणि तलावही त्याच्या ताब्यात असे. पाणी कोणाला, किती, कोणत्या क्रमाने मिळावे यासंबंधीचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावनोंदीत लिहिले जात. निस्ताराचे हक्कही त्यात येत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. विषमतेवर उभी असलेली व्यवस्था गेली हे योग्यच झाले. परंतु दरवर्षी पाळ बांधून घेणारा, गाळ काढवणारा जबाबदार माणूसही त्याबरोबर गेला आणि त्याच्या जागी तितक्या जवळचा दुसरा कोणी आला नाही. महाराष्ट्राच्या बाजूला, गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव नोंदलेले आहेत. ‘मामा तलाव’ हे त्यांचे रूढ संक्षिप्त नाव. त्यांपैकी अनेकांची साठवणक्षमता गाळाने घटली आहे.

पाणलोटातील जंगलतोड, तलावाच्या पोटातील अतिक्रमण, सांडव्यावर उभी राहिलेली बांधकामे, खतांचा वाढता वापर ही कारणेही हवामानाइतकीच खरी आहेत. बालाघाटात मलाजखंडची तांब्याची आणि भरवेलीची मँगनीजची खाण आहे. खाणपट्ट्यातील जमिनीची घडण बदलली आहे ती वेगळ्या कारणाने. केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशातील पहिल्या जलसाठा गणनेत चोवीस लाखांहून अधिक जलसाठे मोजले गेले आणि अडतीस हजारांहून अधिक ठिकाणी अतिक्रमण आढळले. निरोगी तलाव बदललेला पाऊस काही प्रमाणात पचवू शकतो. गाळाने भरलेल्या, सांडवा बुजलेल्या तलावाला तोच पाऊस फोडतो.

दुरुस्तीचा अनुभव

सीमेपलीकडे गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात या दिशेने लक्षणीय काम झाले आहे. मनीष राजनकर आणि ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ यांनी ढीवर समाजाच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम केले. केवळ गाळ उपसून तलाव जिवंत होत नाही, हे त्या कामाचे मुख्य सूत्र. काठावर माजलेली बेशरमची झुडपे काढणे, उथळ भागाची नांगरट करणे, पाण्याखाली आणि पाण्यावर वाढणाऱ्या स्थानिक वनस्पती पुन्हा लावणे आणि रोहू, कटला, मृगळ यांबरोबर स्थानिक माशांनाही जागा देणे असा त्याचा क्रम होता. पाणवनस्पती परतल्या की माशांना अंडी घालायला आडोसा मिळतो, पाणी निवळते आणि पक्षी परततात.

सरकारी पातळीवर २०२२ मध्ये ‘अमृत सरोवर’ मोहीम सुरू झाली. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक एकराचे ७५ जलसाठे तयार करणे किंवा सुधारणे हे तिचे उद्दिष्ट होते. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. तीत काढलेला गाळ शेतात पसरला जातो. या योजनांचा भर साठवणक्षमतेवर आहे आणि तो आवश्यकही आहे. बदलत्या पावसासाठी मात्र त्यांत आणखी काही गोष्टींची भर पडावी लागेल. सांडव्याची रुंदी पूर्वीच्या मोठ्या पावसावरून न ठरवता आताच्या पावसावरून ठरवली पाहिजे. साखळीतील तलाव सुटे न धरता एकत्र दुरुस्त केले पाहिजेत. पाणलोटातील रान राखले पाहिजे, कारण गाळ थांबवण्याची जागा तलावाच्या वर असते. चिकण मातीचा तळ खरवडून निघेल इतके खोल यंत्र चालवता कामा नये. तो थर गेला की भरलेला तलाव महिनाभरात मुरून जातो. आणि पाळीची तपासणी पावसाळ्याआधी, तसेच ऑगस्टअखेरीस पुन्हा एकदा, गावातल्या कोणाच्या तरी नावावर नेमून दिलेली असली पाहिजे.

गोव्याची तळी

गोव्यातील वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. कुडचडे येथील नंदा तळे २०२२ मध्ये रामसर यादीत आले. गोव्यातील ते पहिले रामसर स्थळ. जुवारीच्या उपनदीलगतच्या या पाणथळ जागेत अडवलेल्या पाण्यावर खालच्या बाजूची भातशेती आणि मासेमारी होते. करमळीसारखी तळी हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहेत, आणि पावसाळ्यानंतरची वायंगण शेती अशाच साठवलेल्या पाण्यावर होते. बालाघाटच्या दुप्पट पाऊस पडत असला, तरी तळ्यातला गाळ, तोंडावरची मानस आणि भोवतालचा डोंगर यांची गणिते येथेही तीच आहेत. अरबी समुद्रावरून निघालेला ढग आधी गोव्यावरून जातो आणि मग मध्य भारतात पोहोचतो. त्याचे पाणी साठवणारे जुने बांध दोन्हीकडे आहेत, आणि ते नव्या पावसाच्या मापाने तपासून घेण्याचे काम दोन्हीकडे बाकी आहे.